आवाजाचा शिक्षक व्हायचंय? मराठवाड्यातून तिथवर कसं पोचायचं

आपल्या देशात आवाज शिकवायला सरकारी परवाना लागत नाही. डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. 'व्हॉइस ट्रेनर' अशी पाटी मात्र उद्या कुणीही लावू शकतो. आणि प्रश्न तर समोरच्याच्या गळ्याचा असतो. म्हणून 'मॅडम, आवाजाचं शिक्षक व्हायला काय करावं लागंल?' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: कागद मिळवायचे रस्ते आहेत, ते दाखवतेच, पण त्याआधी कान तयार करावा लागेल. समोरच्याच्या एका वाक्यावरून त्याचा श्वास कुठे अडतोय, जबडा कुठे आवळलाय, जीभ कुठे मागे ओढली जातेय, हे ज्याला ऐकू येतं तोच शिकवू शकतो. स्वतःचा आवाज गोड असणं ही वेगळी गोष्ट झाली.

मी मूळची परभणीची. नाट्यशास्त्र शिकले ते संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला. मग आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर हंगामी उद्घोषक म्हणून काम केलं आणि आता बरीच वर्षं लातूरला आवाज शिकवते. माझ्याकडे नट येतात, कीर्तनकार येतात, जिल्हा परिषदेचे गुरुजी येतात, वकील येतात, निवडणुकीच्या हंगामात उमेदवारही येतात. हे सगळं इथं राहूनच चाललंय.

आधी कान

मोबाइलवर स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा. वाचन नको, बोलणं: बाजारात काय झालं, पेरणी कुठवर आली, काहीही. मग तेच पुन्हा पुन्हा ऐका, पण दर खेपेला एकच गोष्ट ऐका. पहिल्यांदा फक्त श्वास: कुठे घेतला, आवाज करत घेतला का. दुसऱ्यांदा फक्त वाक्याची सुरुवात: 'आ', 'ए', 'ओ' यांनी सुरू होणारा शब्द घशात ठोका बसून निघतो, की आधी नुसती हवा सुटते? तिसऱ्यांदा वाक्याचा शेवट. चौथ्यांदा व्यंजनं. असं रोज, किमान सहा महिने. त्यानंतर घरच्यांचे आवाज, बसस्टँडवरचे आवाज, रेडिओवरचे आवाज.

वाक्याच्या शेवटापाशी जरा थांबते, कारण मराठी बोलणाऱ्याचं निम्मं दुखणं तिथेच असतं. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटीच. 'रस्त्याचा खर्च ग्रामपंचायतीनं मंजूर केलेला नाही.' ज्या 'नाही'वर सगळं अवलंबून आहे तो अगदी टोकाला, आणि बोलणाऱ्याचा श्वास 'मंजूर'पाशीच संपलेला. मग शेवटचे दोन शब्द घशात घोळतात, त्यांत खरखर येते, आणि मागच्या रांगेतला माणूस खर्च मंजूर झाला असं समजून घरी जातो. इंग्रजी पुस्तकांतले व्यायाम जसेच्या तसे घेऊन शिकवणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण त्या भाषेत नकार बराच आधी येऊन गेलेला असतो.

यावर मी वाक्य शेपटाकडून बांधायला लावते. आधी एकटा 'नाही'. मग 'केलेला नाही'. मग 'मंजूर केलेला नाही'. असं मागे मागे जात पूर्ण वाक्यापर्यंत यायचं. एकटा म्हटलेला 'नाही' जितका ठाम होता तितकाच तो पूर्ण वाक्यात उरला पाहिजे. उरत नसेल तर श्वास कमी घेतला म्हणून नव्हे, बहुतेक वेळा पहिल्या दोन शब्दांतच सगळी हवा सांडली म्हणून. कुणाचं कारण कोणतं, हे ओळखता आलं की समजा तुमचा कान लागला.

कान लावायला मराठवाड्याइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही. तुळजापूरला जा आणि गोंधळ रात्रभर बसून ऐका. पुढे उभा असलेला गोंधळी पहाटेपर्यंत टिकतो तो काही नुसत्या ताकदीवर नाही. संबळ, तुणतुणं चालूच असतं, त्यामुळे सूर शोधायला त्याला घसा ताणावा लागत नाही. झील धरणारे ओळ उचलतात, तेवढ्यात त्याला श्वासही मिळतो आणि स्वरयंत्राला विसावाही. कथा सांगताना तो खालच्या पट्टीत येतो, पुन्हा गाण्यात चढतो. विश्रांती त्या मांडणीतच आहे. आज स्टेजवर एकटा माइक घेऊन दोन तास एकाच पट्टीत बोलणाऱ्याला ती कुठे मिळते? पैठणला नाथषष्ठीला जा, भारूड करणारे एका माणसात किती आवाज उभे करतात ते ऐका, आणि त्यांतला कोणता आवाज घशाला जड जातोय ते ओळखायचा प्रयत्न करा. हे तुमचं पहिलं पाठ्यपुस्तक.

मग शरीर

शरीररचना टाळून आवाज शिकवता येत नाही. पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा एकमेकांवर येतात, बाईचे २०० च्या आसपास, लहान मुलांचे त्याहून जास्त. म्हणजे पाच तास शिकवणाऱ्या बाईंच्या स्वरतंतूंची टक्कर दिवसाला लाखोंनी होते. हे एकदा डोक्यात बसलं की 'जोरात म्हण, अजून जोरात' असं कुणाला सांगायला जीभ उचलत नाही.

काय शिकायचं? बरगड्या श्वासाबरोबर बाजूला कशा उघडतात, श्वासपटल खाली गेलं की पोट पुढे का येतं, स्वरयंत्र गिळताना वर का जातं, जिभेचं मूळ स्वरयंत्राच्या वरच्या हाडाला कसं बांधलेलं आहे, घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्यांत आवाज कसा भरतो. मुलांचा आवाज वयात येताना का फुटतो आणि त्या काळात त्यांना ओढून उंच पट्टीत का गाऊ द्यायचं नाही. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, उतारवयात काय बदलतं. विद्यार्थ्याला यातलं फार सांगायचं नसतं. तुम्हाला मात्र माहीत हवं.

आणि स्वतःच्या आवाजावर रोज काम हवंच. दोन वर्षं तरी कुणाच्या तरी हाताखाली शिका. मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडलेला व्यायाम अगदी साधा आहे, बिनखर्चाचा आहे. स्टीलच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या. रसवंतीवर मिळते तशी नळी दोन-अडीच सेंटिमीटर पाण्यात बुडेल अशी धरा, ओठ नळीभोवती सैल मिटा, गाल फुगू देऊ नका, आणि नळीतून 'ऊ' असा आवाज काढा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. आधी एकाच सुरावर, मग जिना चढल्या-उतरल्यासारखा सूर वर-खाली न्या. तोंडाच्या बाजूनं जो दाब मागे परत येतो त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर कमी आपटतात आणि तरी पूर्ण काम करतात. अमेरिकेतल्या इंगो टिट्झे या शास्त्रज्ञानं नळीच्या या व्यायामामागचं भौतिकशास्त्र मांडलं, आणि आज आवाजावर काम करणारे लोक जगभर तो वापरतात. बुडबुडे मध्येच थांबले की समजायचं, तिथे श्वास रोखला गेला. विद्यार्थ्याला ते डोळ्यांनी दिसतं, तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

बोलीला हात लावताना

लातूर, नांदेड, परभणी, बीडच्या मुलांना शिक्षकांनी बहुतेकदा हेच सांगितलेलं असतं की तुमचं बोलणं अशुद्ध आहे. 'कामून', 'मपलं-तुपलं', 'बगा' असे शब्द तोंडातून गेले की मूल वरमतं, मान आत घेतं, आणि तिथेच त्याचा आवाज बारीक होतो. ही दुरुस्ती नव्हे, ही इजा आहे, आणि ती काढण्यात माझे आजवर असंख्य तास गेले आहेत.

माझी पद्धत सांगते. बातम्या वाचायच्या असतील, प्रमाण भाषेतलं नाटक करायचं असेल तर 'पाणी'तला ण, 'काळा'तला ळ, 'बघा'तला घ हे उच्चार जमायलाच हवेत. 'चाक' आणि 'चंद्र' यांतले दोन च, 'जाळं' आणि 'जीव' यांतले दोन ज वेगळे ऐकू यायला हवेत. त्यासाठी जिभेचं टोक कुठे टेकतं ते आरशात दाखवायचं, बोटानं टाळूवरची जागा शोधायला लावायची, कंटाळा येईपर्यंत घोकून घ्यायचं. पण तासाची सुरुवात मुलाच्या स्वतःच्या बोलीतच करायची. श्वास, गुंज, पल्ला हे सगळं आधी त्याच्या घरच्या भाषेत मोकळं होऊ द्यायचं. माणूस ज्या भाषेत आईला हाक मारतो त्या भाषेत त्याचा आवाज सर्वांत मोठा असतो. प्रमाण उच्चार त्यावर चढवता येतात. उलटं करायला गेलात तर उच्चार येतील, पण आवाज येणार नाही.

कागद कुठून मिळवायचा

विद्यापीठात किंवा महाविद्यालयात शिकवायचं असेल तर नाट्यशास्त्र किंवा संगीतात पदव्युत्तर पदवी, त्यात ५५ टक्के (आरक्षित प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत), आणि नेट किंवा सेट या पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी., हा सहायक प्राध्यापकाचा ठरलेला रस्ता. नेटमध्ये संगीत हा विषय आहे आणि नृत्य-नाट्यासाठी 'परफॉर्मिंग आर्ट' हा वेगळा विषय आहे. इथल्या इथे शिकायचं तर संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. पुण्यात ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून चालू आहे. तीन वर्षांच्या पदविकेत आवाज आणि वाणी हा विषय असतो, आणि प्रवेशासाठी आधी रंगभूमीवर काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. यांतल्या कुठल्याही ठिकाणी आवाज हा मोठ्या अभ्यासक्रमाचा एक भाग असतो. तो भाग स्वतःहून वाढवावा लागतो: शोधनिबंधाचा विषय आवाजाशी निगडित घ्या, प्रत्येक नाटकात नटांचा आवाज तयार करून घ्यायची जबाबदारी मागून घ्या.

संगीताकडून येणाऱ्यांसाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तालुक्याच्या गावांपर्यंत पोचलेल्या आहेत. विशारद पूर्ण असलं की स्वरज्ञानाबद्दल कुणी शंका घेत नाही. पण विशारद झालेली व्यक्ती बोलण्याचा आवाज शिकवू शकतेच असं नाही, हे ध्यानात ठेवा. गाण्याचा आणि बोलण्याचा आवाज एकत्र पाहायची दृष्टी महाराष्ट्रात अशोक दा. रानडे यांनी दिली (१९३७ ते २०११). आवाजजोपासना हे स्वतंत्र शास्त्र म्हणून त्यांनी मांडलं, शिकवलं. या क्षेत्रात येणाऱ्यानं त्यांचं काम मुळातून वाचलंच पाहिजे.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांत काम करायचं असेल तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या स्पीच अँड ड्रामाच्या परीक्षा भारतातही देता येतात, आठ श्रेणी आणि पुढे पदविका. परदेशी जायची ऐपत किंवा शिष्यवृत्ती असेल तर लंडनच्या रॉयल सेंट्रल स्कूलमध्ये आवाजाच्या अध्यापनाचं पदव्युत्तर शिक्षण आहे. क्रिस्टिन लिंकलेटर या नटांना आवाज शिकवणाऱ्या नामवंत शिक्षिकेच्या पद्धतीची शिक्षक-मान्यता मिळवायला तर कित्येक वर्षं जातात. चांगले रस्ते आहेत, पण तिथून परत आल्यावर उदगीरच्या गुरुजींचा घसा तुम्हाला मराठीतच ऐकायचा आहे.

वाचादोषांवर उपचार करायची इच्छा असेल तर हे सगळं सोडून वेगळी वाट धरा. बारावी विज्ञाननंतर बीएएसएलपी ही वाचा आणि श्रवणाची पदवी आहे. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (१९८३) आणि म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था (१९६५) ही तिची नावाजलेली ठिकाणं. या कामाला नोंदणी लागते, आणि नोंदणीशिवाय उपचार करणं बेकायदा आहे.

शिकवायला शिकणं

पदवी झाली म्हणून लगेच वर्ग उघडू नका. एखाद्या अनुभवी शिक्षकाच्या वर्गात वर्षभर मागे बसा. बोलायचं नाही, वही घेऊन ऐकायचं. प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल आधी तुमचं निदान लिहा, मग शिक्षक काय करतात ते लिहा. दोन्ही जुळायला लागले की शिक्षकांना विचारून एखाद्या विद्यार्थ्याची दहा मिनिटं घ्या, ते समोर बसलेले असताना. तिथून पुढे उन्हाळ्यातली बालनाट्य शिबिरं, युवक महोत्सवाचे संघ, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी.

काम कसं चालतं ते दिसावं म्हणून एक तास सांगते. गंगाखेडकडचे एक गुरुजी आले होते. दोन शिक्षकांची शाळा, एका खोलीत दोन वर्ग, वर पत्रे. सोमवारी आवाज ठणठणीत, गुरुवारी बसलेला. नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवून आले होते, सूज होती, गाठ नव्हती. मी त्यांना म्हटलं, 'गुरुजी, मला चौथीचा वर्ग समजा आणि भागाकार शिकवा.' खडू दिला. ते फळ्याकडे तोंड करून लिहायला लागले आणि लिहिता लिहिताच, मान उजवीकडे वळवून, मागच्या भिंतीला ऐकू जाईल असं बोलायला लागले. मानेचा एक स्नायू दोरीसारखा वर आला, हनुवटी पुढे गेली, आणि 'आता', 'आठ', 'एक' असा प्रत्येक स्वर घशात ठोका देऊन बाहेर पडायला लागला. श्वासाचा एकही व्यायाम मी त्या दिवशी दिला नाही. इतकंच सांगितलं: लिहायचं तेव्हा बोलायचं नाही. लिहा, वळा, दोन्ही पाय पोरांकडे करा, मग बोला. पोरांना गप्प करायला आवाज नको, टाळी वापरा. दर तासाला नळी आणि पाणी, दोन मिनिटं. ते म्हणाले, 'म्हंजे आवाज वाढवायचाच न्हाई का, मॅडम?' मी म्हटलं, 'आधी पोरं जवळ बसवा, गुरुजी. वाढवायची गरज किती उरते ते मग बघू.' पुढच्या खेपेला आले ते शनिवारी, शाळा करून, आणि बोलत होते. त्यानंतर मग आम्ही श्वासाला हात घातला.

शिक्षकाचं काम हे असं असतं. व्यायाम दहा असतील तुमच्याकडे, समोरच्याला त्यातला कोणता आज लागणार आणि कोणता लागणार नाही, हे निवडणं म्हणजे शिकवणं. आणि हात लावण्याबद्दल: बरगड्यांवर, पोटावर, जबड्यावर हात ठेवून समजावणं सोपं असतं, पण आधी विचारायचं, आणि शक्यतो विद्यार्थ्याचाच हात त्याच्या बरगडीवर ठेवायला लावायचा. मुलींच्या बाबतीत तर हे कधीच विसरायचं नाही.

कीर्तनकार महाराजांसाठी एक वेगळी गोष्ट ठाऊक असू द्या. सप्ताहात कीर्तन रात्री अकराच्या सुमाराला संपतं, त्यानंतर पंगत, ठेचा-भाकरी, आणि लगेच आडवं होणं. पोटातलं आम्ल वर येतं, स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला लागतं, आणि सकाळी आवाज जड, घसा सारखा खाकरावासा वाटतो. महाराज समजतात, गायल्यामुळे झालं. त्यांना गाणं कमी करायला सांगू नका. कीर्तनाआधी संध्याकाळीच हलकं जेवायला सांगा, उशाकडची बाजू उंच करायला सांगा, खाकरण्याऐवजी घोटभर पाणी प्यायला सांगा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, कार्यक्रमाआधी एकदम तांब्याभर नव्हे.

कुठे थांबायचं

तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला असेल तर शिकवणं थांबवायचं आणि नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे पाठवायचं. थुंकीतून रक्त, गिळताना दुखणं, श्वास घ्यायला त्रास, मानेत गाठ, यांतलं काही असेल तर तीन आठवडेही थांबायचं नाही. तंबाखू खाणाऱ्या, विडी ओढणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर अजिबात नाही. संभाजीनगरला घाटी रुग्णालय, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दुर्बिणीतून स्वरतंतू पाहायला सांगा. हळद, ज्येष्ठमध, मध यांवर माझा राग नाही, पण ते देऊन तपासणी लांबवणाऱ्या शिक्षकावर आहे.

पैशाचं थोडक्यात सांगते. महाविद्यालयांत सुरुवातीला तासिका तत्त्वावर काम मिळतं, मानधन वेळेवर येईलच असं नाही. म्हणून त्याच्या जोडीला स्वतःचा छोटा वर्ग ठेवा. डी.एड., बी.एड. महाविद्यालयांना स्वतःहून जाऊन विचारा. उद्याच्या शिक्षकांना आवाज सांभाळायला शिकवणारं माणूस त्यांना हवंच असतं. १६ एप्रिल हा जागतिक आवाज दिन असतो, त्या दिवशी तालुक्याच्या शाळेत एक मोफत सत्र घेतलंत तर वर्षभराची ओळख होते. एका वर्गात आठ-दहापेक्षा जास्त माणसं घेऊ नका, त्यापुढे कानाला प्रत्येक आवाज सुटा पकडता येत नाही.

आणि पहिल्या विद्यार्थ्यापासून नोंद ठेवा: नाव, काम काय करतो, दिवसाला किती तास बोलतो, तंबाखू, पित्त, औषधं, आधीची शस्त्रक्रिया, आणि पहिल्या दिवसाचं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग, तारीख घालून. रेकॉर्डिंगसाठी लेखी परवानगी घ्या, मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांची. दर महिन्याला तोच उतारा पुन्हा रेकॉर्ड करा आणि विद्यार्थ्याबरोबर बसून दोन्ही ऐका.